पाच सेंटिमीटर खाली

लग्नाची भेट म्हणून लोक चांदीची वाटी देतात, पितळेची समई देतात, फारच हौशी असले तर भिंतीवरचं घड्याळ देतात. आमच्या बाईंनी आम्हाला जमिनीत खुपसायचा थर्मामीटर दिला. लग्नाला तेव्हा दोन वर्षं होऊन गेली होती आणि आमच्याकडे जमीन म्हणाल तर खिडकीतली मातीची एक कुंडी होती. त्या कुंडीत बाईंनी स्वतःच्या हातानं तो थर्मामीटर रोवला, चष्मा कपाळावर चढवून आकडा वाचला आणि आमच्या संसाराचं भविष्य कळल्यासारखी मान डोलावली. आजही तो पुण्यात आमच्या देवघराशेजारी उभा आहे. पाहुण्यांना ते उदबत्तीचं घर वाटतं.

बाई म्हणजे हॅनोव्हरजवळच्या एका खेड्यातल्या धान्य संशोधन केंद्रात काम करणाऱ्या फ्राउ डॉक्टर. पन्नासचं दशक निम्मं झालं होतं. शेतकी कॉलेजातल्या नोकरीतून रजा घेऊन मी डॉक्टरेट करायला तिथे गेलो आणि त्यांच्या हाती सापडलो. त्यांचं आडनाव उच्चारताना माझ्या जिभेला गाठ बसे, म्हणून शाळेत शिकवणाऱ्या बाईंना म्हणतात तसं मी त्यांना मनातल्या मनात नुसतं 'बाई' म्हणू लागलो. एकदा ते तोंडातून निसटलं. त्यांनी अर्थ विचारला, मी सांगितला. त्यांनी दोन-तीनदा ते नाव म्हणून बघितलं आणि मंजूर केलं.

उंच बांधा, रुंद खांदे, आणि स्वतःच, बहुधा आरशाशिवाय, कापलेले पांढरे केस. बारा महिने एकच तपकिरी स्कर्ट आणि शिपायासारखे बूट. त्यांच्या आयुष्यात प्रश्न एकच होता. शरदात पेरलेला गहू पुढे पाणी दगड होण्याच्या थंडीत उघड्यावर उभा राहतो, तो मरत का नाही? या एका प्रश्नापायी त्यांचं लग्न करायचं राहून गेलं होतं आणि त्याचं त्यांना काही वाटत नव्हतं. "आल्झो, तर मला मागणी घालायला एक जण आला होता," त्या सांगत. "चांगला माणूस होता. पण पाच सेंटिमीटर खाली किती तापमान आहे विचारलं, तर आकाशाकडे बघायला लागला."

पाच सेंटिमीटर खाली हे बाईंचं दैवत. गव्हाचा जीव पानात नसतो, तो मातीत दोन-तीन बोटं खाली, जिथून फुटवे निघतात त्या गाठीत असतो. वर पानं करपली, काळी पडली, गळाली तरी ती गाठ शाबूत असली की गहू जिवंत. म्हणून हवेतली थंडी किती, यात बाईंना काडीचा रस नव्हता. रेडिओवर हवामान सांगायला लागले की त्या रेडिओ बंद करत. सकाळी भेटल्यावर लोक एकमेकांना गुटन मॉर्गन म्हणतात. बाई म्हणत, "पाच सेंटिमीटर खाली तीन अंश." पोस्टमन, खाटीक, पाद्री, सगळ्यांना हेच. पाद्र्याला तर त्यांनी प्रवचन संपल्यावर दारातच सांगितलं होतं, की तुमच्या प्रवचनात चर्चचं तापमान दीड अंशानं उतरलं, मी मोजलंय. पर्समध्ये थर्मामीटर असे. पावाच्या डब्यात एक असे. गमबुटात एक विसरलेला असे आणि तो दर वर्षी पायाला टोचल्यावर सापडे.

पहिल्या सप्टेंबरात मी स्वेटर घालून केंद्रात गेलो. बाईंनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि स्वेटर काढायला लावला. मला त्या 'हेर कोलेगे', म्हणजे सहकारी महाशय, म्हणत.

"हेर कोलेगे, हा हिवाळा नाही. ही हिवाळ्याची शाळा आहे. शाळा बुडवली तर परीक्षेत काय करणार?"

त्यांचं म्हणणं असं, की गहू काही जन्मतः थंडीला तोंड देत नाही. ऐन जुलैत त्याला एकदम गोठवून बघा, रात्रीत मेला म्हणून समजा. पण शरदात थंडी रोज थोडी थोडी वाढत जाते आणि तो रोज थोडा थोडा शिकत जातो. तेच त्यांनी माझ्यावर करून दाखवायचं ठरवलं. माझ्या टेबलामागची खिडकी सप्टेंबरात एक बोट उघडी असे. ऑक्टोबरात ती दोन बोटं झाली, मग वीतभर. मोजे घालायला केव्हा परवानगी, मफलरला केव्हा, हे सगळं जमिनीतला थर्मामीटर ठरवायचा. हातमोजे तर पहिल्यांदा जमीन गोठेपर्यंत नाहीतच. माझ्या नाकाची घसरगुंडी आणि त्यांचं शास्त्र बरोबरीनं पुढे चाललं होतं.

एकदा खिडकी आणखी सरकवताना बघून माझ्या तोंडून मराठीतच निघालं, "अहो, जरा हळूहळू."

"काय म्हणालात?"

मी अर्थ सांगितला. त्या खिडकीचा दांडा धरून उभ्याच राहिल्या. त्यांच्या भाषेत या अर्थाचा शब्द आहे, पण तो एकदाच म्हणतात आणि संपतो. आमचा शब्द दोनदा म्हणावा लागतो, कारण एकदाच म्हटला तर घाई झाली असती, असा त्यांनी तिथल्या तिथे सिद्धांत मांडला. "गेनाऊ! अगदी बरोबर! थंडी अशीच यायला पाहिजे. हळू. हळू." त्या दिवसापासून बाईंच्या तोंडी तो शब्द बसला. चहा गरम असला, सायकलचा ब्रेक नादुरुस्त असला, केंद्राचे संचालक मीटिंगमध्ये तावातावानं बोलायला लागले, की बाई शांतपणे म्हणत, "हळूहळू, हेर डिरेक्टर." ते बिचारे त्याला भारतातली एखादी प्रार्थना समजत.

या संचालकांचं आणि बाईंचं भांडण एका वाफ्यावरून होतं. केंद्रामागच्या शेताच्या कोपऱ्यात बाईंचा स्वतःचा गहू होता. महायुद्धाच्या शेवटी पूर्वेकडून लोक जीव घेऊन पळाले, त्यात बाईही होत्या. तिकडे त्यांच्या वडिलांचं शेत होतं आणि त्या शेतावर बापलेकींनी मिळून वर्षानुवर्षं निवडून निवडून हा गहू तयार केला होता. "लोकांनी काटेचमचे घेतले, मेणबत्त्यांची चांदीची घरं घेतली," बाई सांगत. "मी एका लोकरी मोज्यात गहू भरला आणि तो मोजा गळ्यात बांधला. वाटेत झडती घेणाऱ्यांनी चांदी नेली. माझ्या मोज्याचा वास घेतला आणि परत दिला." हे सांगून त्या इतक्या मोठ्यानं हसत, की त्या शेतावर आता परत जाता येणार नाही, हे ऐकणाऱ्याच्या लक्षात यायला वेळ लागे.

त्या गव्हाचं उत्पन्न बेताचं होतं. संचालकांना ठेंगणी, भरपूर दाणे देणारी नवी वाणं हवी होती आणि बाईंचा वाफा त्यासाठी पाहिजे होता. शेवटी त्यांनी सांगून टाकलं, की आता फक्त येता एक हिवाळा. यात तुमचा गहू इतरांपेक्षा उजवा ठरला तर ठीक, नाही तर वाफा नांगरायचा. आणि बाईंचा नियम असा कडक, की चाचणीतल्या गव्हाला पांघरूण नाही. बर्फ म्हणजे गव्हाची दुलई. वर हातभर बर्फ असला की खाली गहू सुखानं झोपतो, मग कोण कणखर आणि कोण लेचापेचा ते कळणार कसं? म्हणून बर्फ पडला रे पडला की आम्ही खराटे घेऊन गव्हावरचा बर्फ झाडायला जायचो. सगळं गाव घरासमोरचा रस्ता झाडायचं आणि आम्ही शेत झाडायचो.

याच सुमाराला मी शालनला, म्हणजे माझ्या बायकोला, सोलापूरहून बोलावून घ्यायचं ठरवलं. माझा बेत साधा होता. तिनं एप्रिलमध्ये यावं, म्हणजे ऊन असेल, झाडांना फुलं असतील, देश आवडेल. बाईंना हे कळलं आणि त्या खुर्चीतून उठल्याच.

"एप्रिल? हिवाळी गहू एप्रिलमध्ये पेरला तर काय होतं, हेर कोलेगे?"

"पानं येतात. ओंबी येत नाही."

"का?"

"थंडी खाल्लेली नसते म्हणून."

"गेनाऊ. बायको सप्टेंबरात आणा. आणि विमानानं नाही. बोटीनं. हळूहळू."

सोलापूरच्या मुलीची बोट एडन, सुएझ, नेपल्स असं करत वर वर सरकेल, तसतशी हवा गार होत जाईल, आणि ती इथे पोचेल तेव्हा पेरणीचा आठवडा असेल, असा हा बेत होता. मी तो घरी कळवला. सासऱ्यांचं उत्तर आलं, की तुमच्या प्रोफेसरबाई फार विचारी दिसतात. आता काय बोलणार? शालनसाठी मी बेकरीच्या वरची एक उबदार खोली बघून ठेवली होती. त्या खोलीला बाईंनी 'काचघर' म्हणून नापास केलं आणि केंद्राच्या कुंपणाला लागून असलेल्या एका शेतकऱ्याच्या घरातली उत्तरेकडची खोली घ्यायला लावली. तिची एकच खिडकी होती आणि ती नेमकी बाईंच्या वाफ्यावर उघडत होती.

शालन आली. अंगावर इरकल, त्यावर बोटीवर कुणीतरी दिलेला पुरुषी कोट, आणि सामानात आईच्या जुन्या लुगड्यांची जाड गोधडी. स्टेशनवरच तिनं मला बजावलं.

"हे बघा, एक हिवाळा. तेवढा बघते मी. नाही सोसला तर मार्चच्या बोटीनं आपण आपली सोलापूरला. तुम्ही बसा तुमचा गहू उगवत."

ती पोकळ धमकी देणाऱ्यातली नव्हती. परतीच्या भाड्याचे पैसे तिनं वडिलांकडून घेऊनच आणले होते. माझी डॉक्टरेट व्हायला अजून तीन वर्षं तरी होती. आणि मला, खरं सांगतो, तिच्याशिवाय तिथे राहायचं नव्हतं. वर्षभर राहून बघितलं होतं.

संध्याकाळी बाई भेटायला आल्या, थर्मामीटरची भेट घेऊन. मी तिची अट त्यांना सांगितली. त्या हसल्या. "एक हिवाळा? आल्झो, फ्राउ शालन, एका हिवाळ्यावर मी साध्या गव्हाचासुद्धा निकाल देत नाही. निदान तीन लागतात. एखादा सौम्य निघतो, एखादा खोटं बोलतो."

"काय म्हणतात ओ या?" शालननं विचारलं. मी भाषांतर केलं.

"त्यांना म्हणावं, मी गहू नाही. मी शाळूच्या गावची आहे."

मग शाळू म्हणजे थंडीत पिकणारी ज्वारी, हे सांगावं लागलं. तुमच्याकडे हिवाळ्यात काय करतात, असं बाईंनी विचारलं. शालननं हुरडा सांगितला. थंडी पडली की रानात जायचं, ज्वारीची हिरवी कणसं शेकोटीत भाजायची, हातावर चोळायची आणि चटणीबरोबर खायची. हिवाळ्यात धान्य वाचवण्यात उभा जन्म घालवलेल्या बाईंनी हे ऐकून चष्मा काढून हातात घेतला. "जिवंत भाजता?" एवढंच त्यांनी शेवटी विचारलं.

पण दोघींचं जमलं. भाषेची अडचण आली नाही, कारण दोघींनी ती मोजलीच नाही. एक मराठीत बोलायची, दुसरी जर्मनमध्ये, आणि मी भाषांतर करायला तोंड उघडलं की दोघी मला गप्प करायच्या. शालनचीही शाळा सुरू झाली. गोधडी अमुक दिवसाआधी पांघरायची नाही, सकाळी तोंड गार पाण्यानं धुवायचं. ती कुरकुरायची आणि करायची.

बाईंची एक खोड होती. त्या विद्यार्थ्यांना गव्हाचं पान चावून बघायला लावत. ऑक्टोबरात पान गवतासारखं लागतं आणि डिसेंबरात तेच पान गोड लागतं. मला त्यांनी हे तक्ते काढून समजावलं होतं. शालनच्या हातात त्यांनी डिसेंबरातलं पान दिलं. तिनं चावलं, डोळे बारीक केले आणि म्हणाली, "अय्या, पाक केलाय की यानं."

"पाक?" बाई म्हणाल्या.

त्या दुपारी आमच्या खोलीत स्टोव्हवर पाक झाला. साखर विरघळली, उकळी आली, पाणी आटत गेलं. शालननं अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये थेंब घेऊन बोटं उघडली. एक तार निघाली. थोड्या वेळानं दोन निघाल्या. मग तिनं एका वाटीत पाक आणि एका वाटीत पाणी घेऊन दोन्ही खिडकीबाहेर ठेवलं. सकाळी पाण्याचा दगड झाला होता आणि पाक वाटीत डुलत होता. बाईंना आनंदानं काय करावं कळेना. गहू शरदभर हेच तर करतो. वाढ थांबवतो, पण ऊन खाणं थांबवत नाही. साखर साठवतो, पेशीतलं पाणी कमी करतो, रस दाट करतो. मग बर्फ झालाच तर पेशींच्या बाहेरच्या फटींतून होतो, आत शिरत नाही. आत शिरला तर संपलं. हे सगळं मला पाठ होतं. पण पुढच्या व्याख्यानात बाईंनी फळ्याकडे पाठ करून, बोटं उघडून दाखवत, "ऑक्टोबरात एकतारी, डिसेंबरात दोनतारी" असं खणखणीत मराठीत सांगितलं, तेव्हा पुढच्या बाकावरच्या चार जर्मन मुलांनी ते वहीत उतरवून घेतलं. व्याख्यानानंतर रव्याचे लाडू वाटण्यात आले.

जानेवारी उजाडला आणि थंडी गेली. ऊन पडलं, पक्षी ओरडायला लागले, गावातल्या बायका डोक्याचे रुमाल सोडून हिंडू लागल्या. शालननं लोकरीचे मोजे काढून फेकले. "हाच का ओ तुमचा हिवाळा? आमच्या सिद्धेश्वराच्या जत्रेला याच्यापेक्षा गारठा असतो." मी तर मनातल्या मनात पेढे वाटले. अख्ख्या गावात एकच माणूस काळजीत होतं. बाई दिवसातून चारदा वाफ्यावर जात आणि गव्हाला रागावत. "झोपा," त्या म्हणत. "अजून झोपा. हे खोटं आहे." चार उबदार दिवस मिळाले की गहू सगळं शिकलेलं विसरतो. साठवलेली साखर उडवतो, रस पातळ करतो, नवं कोवळं पान काढतो. शिकायला त्याला दोन महिने लागतात आणि विसरायला आठवडा पुरतो. बाईंनी शालनचे मोजे बाकाखालून शोधून तिच्या हातात दिले. तिनं ते हसून परत बाकाखाली टाकले.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला थंडी एका रात्रीत उतरली. हळूहळू नाही. आणि बर्फ नावालाही पडला नाही. कोरडी, उघडी, वाऱ्याची थंडी. शेतकऱ्यांना हिचीच सगळ्यात धास्ती असते. नळ फुटले. शाई दौतीत गोठली. शालननं पहाटे वाळत घातलेलं लुगडं काढायला आम्ही दुपारी गेलो, तर ते दोरीवरून फळीसारखं निघालं. दोघांनी दोन टोकं धरून ते घरात आणायला गेलो, तर दारातून आत शिरेना. आडवं केलं, उभं केलं, तिरकं केलं. घरमालक मदतीला आला, तो जिन्यातून सोफा चढवावा तशा सूचना द्यायला लागला. "लिंक्स, लिंक्स! डावीकडे! आता वर!" आधी मी हसलो, मग तो हसला, मग शालनही हसायला लागली, आणि हसता हसता दारातच बसून रडायला लागली.

"बोटीचं तिकीट काढा," ती म्हणाली. "मला नाही जमायचं हे."

मी तिला आणि लुगड्याला कसंबसं आत आणलं. लुगडं भिंतीला टेकून उभं होतं. स्टोव्हच्या उबेनं ते थोड्या वेळानं गुडघ्यात वाकलं आणि खाली बसलं.

पाचच्या सुमाराला अंधारून आलं आणि बघतो तर शालन खोलीत नाही. गोधडीही नाही. खिडकीतून पाहिलं, तर ती कुंपणाच्या फटीतून वाफ्याकडे चालली होती, गोधडी छातीशी धरून. मी कोट चढवत मागे धावलो.

वाफ्याच्या पलीकडच्या बाजूनं आणखी कुणीतरी येत होतं. उंच, रुंद, आणि हातात भलीमोठी पिसांची रजई. दोघी वाफ्याच्या दोन टोकांना येऊन थबकल्या.

"फ्राउ शालन, तुम्ही इथे काय करताय?" बाईंनी विचारलं.

"तुम्ही काय करताय?"

"मी तापमान बघायला आले."

"रजई घेऊन?" शालन म्हणाली. तोवर तिला एवढं जर्मन येत होतं.

बाईंनी रजईकडे असं बघितलं, जणू ती आपोआप त्यांच्या मागे आली होती. "हो," त्या म्हणाल्या. पांघरुणाला बंदी घालणारी बाई, आणि इतके दिवस गोधडीची परवानगी मागत राहिलेली तिची शिष्या, दोघी चोरी करायला एकाच वेळी आलेल्या. आधी शालनला हसू फुटलं. मग बाईंना. त्या वाऱ्यात दोघी इतक्या हसल्या, की बाईंच्या डोळ्यांतलं पाणी गालावर गोठलं आणि ते त्यांना नखानं खरवडून काढावं लागलं.

"झाकू या की," शालन म्हणाली. "कुणाला कळतंय? तुमच्या बापाचा गहू आहे. जगू दे."

बाई खाली बसल्या. गव्हाची पानं हातानं चाचपली. ती काचेसारखी कडक झाली होती. मला त्यांची फार माया वाटली आणि त्यांना कुठे हात लावावा हे कळेना.

"झाकलं तर जगेल," त्या म्हणाल्या. "पण मग तो जगला, की तुमच्या आईच्या लुगड्यांनी त्याला जगवला, हे मला कधी कळणार नाही. वडिलांनी त्याला असा वाढवला नव्हता."

त्या उठल्या. रजई त्यांनी शालनभोवती गुंडाळली. शालननं गोधडी त्यांच्या खांद्यावर टाकली. दोघी एकमेकींचं पांघरूण घेऊन आमच्या खोलीत आल्या आणि आम्ही तिघं मिळून कितीतरी चहा प्यालो. तिकिटाचा विषय निघाला नाही. पण तो गेलाही नव्हता. शालनची ट्रंक बाकाखालून निघून मधोमध आली होती आणि जाता येता मला तिची ठेच लागत होती.

महिना सरता सरता थंडी ओसरली. शेतं बघवत नव्हती. मैलोनमैल तपकिरी. संचालक आले, टोपी सावरत वाफ्यावर उभे राहिले आणि म्हणाले, "फ्राउ डॉक्टर, हे वाळलेलं गवत आहे."

"ते वर," बाई म्हणाल्या. "पाच सेंटिमीटर खाली कोण बघणार?"

त्यांनी मुदत मागितली. मार्चमध्ये ऊन जरा स्थिरावल्यावर संचालकांच्या समोर त्यांनी खुरप्यानं एक रोप उपटलं, मुळाजवळची गाठ खिशातल्या चाकूनं उभी चिरली आणि तळहातावर धरली. आत पांढरंशुभ्र. दुसरं रोप, पांढरं. तिसरं तपकिरी, मेलेलं. चौथं पांढरं. वाफ्यात मधे मधे टक्कल पडलं होतं, पण निम्म्याहून जास्त गहू जिवंत होता. शेजारी संचालकांची ठेंगणी वाणं होती. त्यांच्या गाठी चिरत गेलो आणि सगळ्या चहाच्या रंगाच्या निघत गेल्या. संचालकांनी टोपी काढली, परत घातली आणि वाफा पुढेही बाईंकडेच राहील असं सांगून ते गेले. बाईंनी चाकू पुसला आणि तोंड फिरवून नाक शिंकरलं. ते थंडीमुळे नव्हतं.

पण अजून एक काम होतं, आणि त्याला उशीर चालणार नव्हता. गोठताना माती फुगते आणि रोपांना वर उचलते. मग मातीतला बर्फ वितळला की मुळं अधांतरी राहतात आणि हिवाळ्यातून वाचलेला गहू वसंतात वाळून मरतो. म्हणून वाफा दाबावा लागतो. मोठ्या शेतात रूळ फिरवतात. एवढ्याशा वाफ्यात माणसं पायांनी तुडवतात. बाई बूट घालून एका कडेनं सुरू झाल्या. मी दुसऱ्या कडेनं. शालन कुंपणाशी उभी राहिली.

"मी धान्यावर पाय देणार नाही," ती म्हणाली. "ते पण बुटाचा?"

चुकून तांदळाच्या दाण्याला पाय लागला तरी वाकून डोळ्याला हात लावणाऱ्यातली ती. मी बाईंना समजावून सांगितलं. त्यांनी ते गंभीरपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, की पाय दिला नाही तर तो मरेल. एवढं सोसून मरेल.

शालन थोडा वेळ वाफ्याकडे बघत राहिली. मग ती कुंपणाच्या ओंडक्यावर बसली. बूट काढले. लोकरीचे मोजे काढले. ओचा खोचला, वाफ्याच्या काठावर वाकली, मातीला हात लावून तो डोळ्यांना लावला आणि त्या मार्चच्या चिखलात अनवाणी उतरली. एक पाय, दुसरा पाय, टाच दाबून, रोपाच्या बुडाशी, घरात लक्ष्मीची पावलं काढावीत इतक्या बेतानं. ओळीच्या शेवटापर्यंत गेली आणि परत फिरली. तिनं एकदाही अंग चोरलं नाही.

बाई थांबून बघत होत्या. मग त्यांनी पर्समधून थर्मामीटर काढून तिच्या पावलाच्या ठशात खुपसला.

"पाच सेंटिमीटर खाली दोन अंश," त्या म्हणाल्या. मग चष्मा कपाळावर चढवून त्यांनी विचारलं, "फ्राउ शालन, एक हिवाळा संपला. तुमचा निकाल काय?"

ट्रंक अजून खोलीच्या मधोमध होती.

शालननं तळपायाचा चिखल दुसऱ्या पायाला पुसला. तिनं उत्तर दिलं ते जर्मनमध्ये दिलं, सावकाश, एकेक शब्द जुळवत.

"एका हिवाळ्यावर निकाल देत नाहीत, बाई. निदान तीन लागतात. तुम्हीच म्हणालात."

बाई शालन बसली होती त्याच ओंडक्यावर बसल्या, शिपाई बुटांच्या नाड्या सोडल्या, जाड मोजे काढले आणि आयुष्यात ज्यांना कधी ऊन लागलं नसेल अशी दोन लांब पांढरी पावलं वाफ्यात ठेवली. दोघी बरोबरीनं ओळ तुडवत निघाल्या. मी तेवढा मागे, मोज्यांचे दोन जोड आणि बूट घालून उभा.

बाईंनी वळून माझ्या बुटांकडे बघितलं.

"असू द्या, हेर कोलेगे," त्या म्हणाल्या. "हळूहळू."